नोकरीसाठी 'रेफरन्स' म्हणून कोणाचं नाव द्यावं? आणि त्यांना फोन येण्याआधी काय तयारी करावी?

नोकरीच्या अर्जाच्या शेवटी बहुतेक वेळा एक रकाना असतो. त्यात दोन किंवा तीन रेफरन्सची नावं, हुद्दा, कंपनी, फोन नंबर आणि ईमेल लिहायचा असतो. सीव्हीवर आठवडाभर मेहनत घेणारे उमेदवार हा रकाना मात्र दोन मिनिटांत भरून मोकळे होतात. कुणी काकांचं नाव देतं, कुणी गावातल्या पुढाऱ्याचं, तर कुणी चार वर्षांत ज्यांच्याशी एकदाही बोलणं झालेलं नाही अशा जुन्या मॅनेजरचं.

घोडं पुढे अडतं. मुलाखती पार पडतात, पगार ठरतो, ऑफर लेटर येतं. त्यात एक ओळ असते, की पडताळणी समाधानकारक झाली तरच ही ऑफर कायम राहील. तोवर उमेदवारानं जुन्या नोकरीचा राजीनामा दिलेला असतो आणि नोटीस पिरियड सुरू झालेला असतो. नेमक्या त्याच वेळी रेफरन्स म्हणून दिलेला माणूस फोन उचलत नाही, किंवा उचलून "कोण म्हणालात?" असं विचारतो. जुनी नोकरी सुटलेली आणि नवी अधांतरी, अशी अवस्था त्यातून होऊ शकते.

ही वेळ टाळता येते. त्यासाठी एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. रेफरन्स हा वशिला नसतो. उमेदवाराचं काम जवळून पाहिलेल्या माणसानं दिलेली ती साक्ष असते. साक्षीदार कितीही मोठा असला आणि त्यानं काहीच पाहिलेलं नसलं, तर त्याचा उपयोग होत नाही.

रेफरल, रेफरन्स, शिफारसपत्र आणि पडताळणी यांत फरक काय?

बोलताना या चारही गोष्टींना सर्रास 'रेफरन्स' म्हटलं जातं. त्यामुळे गोंधळ होतो.

रेफरल: कंपनीत आधीपासून काम करणारी ओळखीची व्यक्ती उमेदवाराचा सीव्ही एचआरकडे पोहोचवते. उमेदवार रुजू झाल्यावर अनेक कंपन्या त्या कर्मचाऱ्याला बोनसही देतात. रेफरल भरतीच्या सुरुवातीला कामी येतं. त्यामुळे सीव्ही वाचला जाण्याची शक्यता वाढते, एवढाच त्याचा अर्थ.

रेफरन्स: उमेदवाराचं पूर्वीचं काम माहीत असलेली व्यक्ती. हिला नवी कंपनी स्वतः फोन किंवा ईमेल करते. हे बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यावर होतं.

शिफारसपत्र: आधीच लिहून, सही करून दिलेलं पत्र. उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी, विशेषतः परदेशी विद्यापीठांसाठी ते लागतं. नोकरीत त्याचा उपयोग होतो, पण पत्र असलं तरी एचआर फोन करून खात्री करू शकतं.

बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन: ही कागदांची तपासणी. पदवी खरी आहे का, आधीच्या कंपनीत सांगितलेल्या तारखांनाच काम केलं का, पत्ता बरोबर आहे का, हे तपासलं जातं. मोठ्या कंपन्या हे काम बाहेरच्या एजन्सीला देतात. रेफरन्सला फोन करणं हा अनेकदा याच तपासणीचा एक भाग असतो.

रेफरन्सला किती महत्त्व असतं?

१९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कर्मचारी निवडीच्या पद्धतींवर झालेल्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. एखाद्या पद्धतीवरून बांधलेला अंदाज आणि त्या माणसाचं नंतरचं प्रत्यक्ष काम यांचा मेळ किती बसतो, हे त्यांनी आकड्यांत मांडलं. १ म्हणजे पूर्ण मेळ आणि ० म्हणजे काहीच संबंध नाही. सगळ्यांना तेच ठरावीक प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीला ०.५१ असा आकडा आला, तर रेफरन्स तपासणीला ०.२६.

म्हणजे माणूस काम कसं करेल हे ओळखण्याचं रेफरन्स हे फार भरवशाचं साधन नाही. त्याचं एक कारण उघड आहे. नावं उमेदवारच देतो, त्यामुळे बहुतेक रेफरन्स चांगलंच बोलतात आणि कंपन्यांनाही ते माहीत असतं.

म्हणूनच केवळ रेफरन्स चांगला आहे म्हणून नोकरी मिळाली, असं क्वचित घडतं. पण सगळेच चांगलं बोलत असताना एखाद्यानं हात आखडता घेतला, मोघम उत्तरं दिली किंवा तारखांचा घोळ घातला, तर ते लगेच लक्षात येतं. रेफरन्सची तयारी करायची ती या कारणासाठी.

कोणाचं नाव द्यावं?

नाव ठरवताना तीन प्रश्न पुरेसे आहेत. या व्यक्तीनं उमेदवाराचं काम प्रत्यक्ष पाहिलं आहे का? ते अलीकडचं आहे का? आणि एखादा प्रसंग सांगून ती त्याबद्दल बोलू शकेल का? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर हुद्दा थोडा लहान असला तरी चालतो.

पहिली पसंती ज्यांना उमेदवार थेट रिपोर्ट करत होता त्यांना द्यावी. ते टीम लीडर असतील, शिफ्ट सुपरवायझर असतील, शाखा व्यवस्थापक असतील किंवा शाळेचे मुख्याध्यापक असतील. त्यांनी हजेरीपासून चुकांपर्यंत सगळं पाहिलेलं असतं. कंपनीच्या डायरेक्टरचं नाव भारदस्त वाटतं, पण त्यांनी उमेदवाराला वर्षातून एकदा स्नेहसंमेलनातच पाहिलं असेल, तर दुसऱ्याच प्रश्नाला त्यांच्याकडचं उत्तर संपतं.

त्याखालोखाल वरिष्ठ सहकारी, ज्यांच्यासोबत प्रोजेक्ट केला असे दुसऱ्या विभागातले लोक आणि ज्यांचं काम सांभाळलं असे ग्राहक येतात. विक्री, डिझाइन, अकाउंट्स अशा कामांत ग्राहकाचा शब्द वजनदार ठरतो. टीम सांभाळण्याची जबाबदारी असलेलं पद असेल, तर हाताखाली काम केलेल्या व्यक्तीचं नावही मागितलं जाऊ शकतं.

दोन किंवा तीन रेफरन्स द्यायचे असतील तर ते एकाच साच्याचे नसावेत. एक साहेब, एक सहकारी आणि एक ग्राहक अशी निवड केली की कामाच्या वेगवेगळ्या बाजू समोर येतात.

नातेवाईक, घरचे स्नेही आणि शेजारी यांची नावं खासगी नोकरीच्या अर्जात देऊ नयेत. आडनाव वेगळं असलं तरी पहिल्याच प्रश्नात, 'तुमची ओळख कशी?' इथं ते उघड होतं. नगरसेवक, आमदार किंवा संस्थाचालक यांची नावं देण्याची अनेकांना सवय असते. ज्यांनी काम पाहिलेलंच नाही त्यांचं नाव दिलं, तर एचआरला उमेदवार दबाव आणू पाहतोय असंही वाटू शकतं.

पहिलीच नोकरी असेल तर?

फ्रेशरकडून जुन्या साहेबांचं नाव कुणी अपेक्षित धरत नाही. प्रोजेक्ट गाइड, विभागप्रमुख किंवा इंटर्नशिपमध्ये ज्यांच्या हाताखाली काम केलं ते लोक चालतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी किंवा एनसीसीचे अधिकारी यांनी मुलांना वर्गाबाहेर जबाबदारी घेताना पाहिलेलं असतं, त्यामुळे त्यांना सांगण्यासारखं बरंच असतं.

प्राध्यापक निवडताना सर्वांत जास्त गुण देणाऱ्यांपेक्षा नावानं ओळखणारे बरे. शंभर मुलांच्या वर्गाला शिकवणाऱ्या सरांना तीन वर्षांनी एखादा चेहरा आठवेलच असं नाही.

शिकता शिकता मेडिकलच्या दुकानात, सीएच्या ऑफिसात, क्लासमध्ये किंवा डिलिव्हरी हबवर काम केलेली मुलं ते काम सांगायला संकोचतात. रोख हिशेब सांभाळला, दोन वर्षं वेळेवर दुकान उघडलं, असं सांगणारा दुकानदार हा फ्रेशरसाठी चांगला रेफरन्स आहे.

कंत्राटी काम केलं असेल तर?

चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीसारख्या औद्योगिक भागांत अनेकजण कारखान्यात काम करतात, पण त्यांचा पगार कंत्राटदाराकडून होतो. कागदोपत्री मालक एक आणि काम पाहणारा दुसरा. अशा वेळी दोन्ही नावं द्यावीत आणि कोण काय सांगू शकेल तेही लिहावं. नोकरीच्या तारखा आणि पगार यांची खात्री कंत्राटदाराच्या ऑफिसकडून होईल. कामाचा दर्जा मात्र लाइनवरचा सुपरवायझरच सांगू शकेल.

फक्त कारखान्याचं नाव लिहिलं, तर तिथलं एचआर 'या नावाचा आमचा कर्मचारी नव्हता' असं सांगतं. ते खोटं बोलत नसतात, कारण त्यांच्या मस्टरवर ते नाव नसतंच. पण नव्या कंपनीला उमेदवारच खोटं बोलला असं वाटतं. अर्जात 'अमुक कंत्राटदारामार्फत, तमुक कारखान्यात' असं लिहिलं की हा गैरसमज होत नाही.

मुलांसाठी किंवा घरातल्या आजारपणामुळे मध्ये काही वर्षं नोकरी सोडलेल्यांचे रेफरन्स जुने असतात. त्यांनी एक जुन्या नोकरीतलं नाव द्यावं आणि मधल्या काळात शिकवण्या, बचत गटाचे हिशेब, सोसायटीचं काम किंवा एखादा कोर्स केला असेल, तर तिथलं एक ताजं नाव जोडावं.

सध्याच्या साहेबांना कळू द्यायचं नसेल तर?

नोकरी शोधतोय हे सध्याच्या ऑफिसात कळू नये, असं बहुतेकांना वाटतं आणि ते रास्त आहे. एचआरलाही त्यात काही वावगं वाटत नाही. पूर्वीच्या कंपनीतल्या व्यक्तीचं किंवा हल्लीच ऑफिस सोडून गेलेल्या वरिष्ठांचं नाव देता येतं.

इथं एका कागदाकडे लक्ष द्यावं. पडताळणीपूर्वी कंपनी किंवा एजन्सी उमेदवाराकडून संमतीचा फॉर्म भरून घेते. त्यात अनेकदा 'सध्याच्या कंपनीशी संपर्क साधला तर चालेल का?' असा प्रश्न असतो. न वाचता सगळीकडे 'हो' केलं, की राजीनाम्याआधीच ऑफिसात फोन खणखणतो. तिथं 'राजीनामा मंजूर झाल्यानंतरच' असं स्पष्ट लिहावं आणि एचआरलाही ईमेलनं कळवून ठेवावं.

विचारायचं कसं?

न विचारता कुणाचं नाव देऊ नये, हा यातला पहिला नियम. फोन नंबर त्यांचा आहे आणि वेळही त्यांचा जाणार आहे. शक्य असेल तर फोन करावा किंवा भेटावं. मेसेज करायचा असेल तर तो असा असू शकतो:

"नमस्कार सर. २०२१ ते २०२३ या काळात मी आपल्या टीममध्ये डिस्पॅचचं काम पाहत होतो. सध्या मी एका कंपनीत डिस्पॅच सुपरवायझरच्या पदासाठी प्रयत्न करतोय. मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत. रेफरन्स म्हणून आपलं नाव दिलं तर चालेल का? माझ्या कामाबद्दल आपल्याला मोकळेपणानं चांगलं सांगता येईल असं वाटत असेल तरच हो म्हणा. काही अडचण असेल तर संकोच करू नका, मी दुसऱ्या कुणाला विचारेन."

या मेसेजमधली शेवटची दोन वाक्यं गाळू नयेत. आपल्याकडे तोंडावर 'नाही' म्हणणं जड जातं. त्यामुळे मनात नसतानाही माणूस होकार देतो आणि फोन आला की मोघम बोलतो. त्याला सुटायला वाट ठेवली, की खरा होकार कोणता आणि तोंडदेखला कोणता हे कळतं. 'बघू', 'हरकत नाही, पण मी हल्ली फार बिझी असतो' अशी उत्तरं आली तर तो नकारच समजावा आणि आभार मानून दुसरं नाव शोधावं.

होकार मिळाला. पुढे काय पाठवावं?

होकार देणाऱ्याला सगळं आठवत असेल असं धरून चालू नये. दरवर्षी नवी माणसं येतात आणि जातात. म्हणून एका पानात मावेल एवढी माहिती पाठवावी:

- ताजा सीव्ही, म्हणजे अर्जासोबत जोडला तोच.
- नव्या पदाचं नाव आणि तिथं काय काम असेल, हे दोन-तीन ओळींत.
- त्यांच्यासोबत काम केल्याच्या तारखा आणि तेव्हाचा हुद्दा.
- त्या काळातली दोन किंवा तीन कामं, शक्य तिथं आकड्यांसह.
- फोन कोणाकडून आणि साधारण कधी येईल.

कामांची आठवण करून देताना 'मी खूप मेहनती होतो' असं लिहून भागत नाही. 'दिवाळीच्या गर्दीत रोजच्या ८० ऐवजी १४० गाड्यांची लोडिंग नोंद आपण माझ्याकडे दिली होती' असं लिहिलं, की त्यांना तो काळ आठवतो आणि फोनवर सांगायला काहीतरी ठोस मिळतं. पण घडलेलंच लिहावं. रेफरन्सला पाठ करायला संवाद देऊ नयेत. पढवलेली उत्तरं ऐकणाऱ्याला कळतात, आणि त्या माणसालाही अवघडल्यासारखं होतं.

नोकरी का सोडली, हेही त्यांच्याशी आधी बोलून घ्यावं. उमेदवार मुलाखतीत 'घरच्या कारणानं सोडली' म्हणाला आणि साहेब 'पगारावरून बोलणं फिसकटलं' म्हणाले, तर दोघांपैकी एकजण खोटा ठरतो. खरं कारण काय ते सभ्य शब्दांत दोन्हीकडे सारखंच यायला हवं.

फोनवर नेमकं काय विचारतात?

फोन बहुधा दहा-पंधरा मिनिटांचा असतो. प्रश्न साधारण असे असतात:

- तुम्ही यांना कसं ओळखता? किती काळ एकत्र काम केलं?
- त्यांच्याकडे कोणतं काम होतं?
- कामात त्यांची जमेची बाजू कोणती? सुधारणा कुठे हवी?
- वेळ पाळणं, हजेरी, सहकाऱ्यांशी वागणं कसं होतं?
- त्यांनी नोकरी का सोडली?
- संधी मिळाली तर तुम्ही त्यांना पुन्हा कामावर घ्याल का?

शेवटच्या प्रश्नाकडे एचआरचं विशेष लक्ष असतं. 'हो, लगेच' आणि 'हं, तसा मुलगा चांगला आहे' यांतलं अंतर त्यांना कळतं. सुधारणेच्या प्रश्नालाही घाबरायचं कारण नाही. 'सुरुवातीला ईमेल लिहिताना अडखळायची, नंतर शिकली' असं उत्तर देणारा रेफरन्स फक्त गुणगान करणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतो.

जुन्या साहेबांशी बिनसलं असेल तर?

वाद होऊन नोकरी सोडली असेल, तर त्या साहेबांचं नाव देण्याची सक्ती नसते. त्याच कंपनीतल्या दुसऱ्या वरिष्ठांचं नाव देता येतं. पण नवी कंपनी थेट मॅनेजरचंच नाव मागत असेल, तर लपवाछपवी करण्यापेक्षा आधीच एचआरच्या कानावर घालावं. 'शेवटच्या सहा महिन्यांत कामाच्या वाटपावरून आमचे मतभेद झाले होते. त्याआधीची तीन वर्षं ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांचंही नाव देतोय', एवढं पुरतं. तक्रारींचा पाढा वाचू नये.

अनेक कंपन्यांचा नियमच असतो, की माजी कर्मचाऱ्याबद्दल फक्त हुद्दा आणि तारखा सांगायच्या, मत द्यायचं नाही. अशा ठिकाणी मॅनेजरनं बोलायला नकार दिला, तर तो राग नसून धोरण असू शकतं. हे नव्या एचआरला आधी सांगून ठेवलं तर नकाराचा वेगळा अर्थ निघत नाही.

कागद जुळतात का, हे आधी पाहावं

रेफरन्स कितीही चांगला बोलला तरी त्याचं बोलणं कागदांशी जुळावं लागतं. अनुभव प्रमाणपत्र, रिलिव्हिंग लेटर, शेवटच्या काही पगाराच्या स्लिप आणि सीव्ही या सगळ्यांवर तारखा व हुद्दा एकच हवा. नोकरी सोडतानाच हे कागद मागून घ्यावेत. नंतर कंपनी बंद पडते किंवा एचआर बदलतं, मग हेलपाटे घालावे लागतात.

पीएफ कापला जात असेल तर कर्मचाऱ्याला १२ अंकी यूएएन मिळालेला असतो. ईपीएफओच्या पोर्टलवर त्याखाली कोणत्या कंपनीत कधी रुजू झालो आणि कधी सोडली याची नोंद दिसते. पडताळणीत ही नोंद पाहिली जाते. ती स्वतः आधी उघडून पाहावी. तिथं रुजू झाल्याची तारीख चुकीची असेल किंवा सोडल्याची तारीखच नसेल, तर दुरुस्तीला वेळ लागतो. ऑफर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा नोकरी शोधायला लागतानाच हे काम उरकावं.

खोटा रेफरन्स दिला तर?

मित्राला 'मॅनेजर' बनवून त्याचा नंबर देण्याचे प्रकार होतात. ते उघडकीस येणं अवघड नसतं. एजन्सी अनेकदा दिलेल्या मोबाइलवर फोन न करता कंपनीच्या लँडलाइनवरून त्या व्यक्तीपर्यंत पोहोचते, कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून उत्तर मागते किंवा लिंक्डइनवर हुद्दा पडताळते. रुजू झाल्यानंतर खोटेपणा कळला तरी नोकरी जाऊ शकते.

पैसे घेऊन अनुभव प्रमाणपत्र आणि रेफरन्स 'मॅनेज' करून देणाऱ्यांच्या जाहिराती सोशल मीडियावर दिसतात. बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा गुन्हा आहे, आणि तो विकत घेऊन वापरणाऱ्यालाही लागू होतो. शिवाय ज्याच्याकडून तो कागद घेतला त्याच्या हाती उमेदवाराचं आधार, पॅन आणि फोन नंबर जातो. रेफरन्स तपासणीसाठी किंवा पडताळणीसाठी उमेदवाराकडेच पैसे मागितले जात असतील, तर ती फसवणूक असण्याची दाट शक्यता असते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

सरकारी नोकरीत रेफरन्स लागतो का?

तिथं पद्धत वेगळी आहे. निवड परीक्षेच्या गुणांवर ठरते आणि नंतर चारित्र्य पडताळणी होते. त्यासाठी भरायच्या साक्षांकन नमुन्यात उमेदवाराला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावं आणि पत्ते द्यावे लागतात. पासपोर्टच्या अर्जातही अशीच दोन नावं मागितली जातात.

इथं कामाचा दर्जा तपासला जात नाही. हा माणूस खरोखर इथंच राहतो का आणि त्याचं वागणं कसं आहे, एवढंच पाहिलं जातं. त्यामुळे खासगी नोकरीत न चालणारे शेजारी, सोसायटीचे सचिव किंवा गावातले शिक्षक इथं योग्य ठरतात. नात्यातली व्यक्ती मात्र इथंही टाळावी. या लोकांनाही आधी विचारावं, कारण पोलीस त्यांच्याकडे चौकशी करू शकतात.

परदेशात अर्ज करताना

ब्रिटनमध्ये ऑफर बहुधा 'समाधानकारक रेफरन्स मिळाल्यास' अशा अटीवर दिली जाते आणि त्यांत सध्याच्या किंवा शेवटच्या कंपनीचं नाव अपेक्षित असतं. तिथं काही क्षेत्रं वगळता रेफरन्स देण्याची कंपनीवर सक्ती नाही. पण दिला तर तो खरा आणि न्याय्य हवा. निष्काळजीपणे दिलेल्या रेफरन्समुळे नुकसान झालं तर माजी कर्मचारी भरपाई मागू शकतो, हे तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १९९४ मध्ये मान्य केलं.

जर्मनीत फोनपेक्षा कागदाला महत्त्व आहे. नोकरी सोडताना 'आरबाइट्सत्सॉयग्निस' नावाचं लेखी प्रमाणपत्र मिळवणं हा तिथं कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे. काम आणि वागणूक यांचा उल्लेख त्यात हवा असेल तर तसं मागता येतं. त्याची भाषा ठरावीक असते. 'नेहमी आमच्या परिपूर्ण समाधानाप्रमाणे काम केलं' हा सर्वोत्तम शेरा, तर नुसतं 'आमच्या समाधानाप्रमाणे' हा जेमतेम पास झाल्याचा. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केला आहे. तिकडे जाण्याच्या तयारीत असलेल्यांनी निघण्यापूर्वीच इथल्या कंपनीकडून हुद्दा, तारखा आणि कामाचं स्वरूप सविस्तर लिहिलेलं अनुभव प्रमाणपत्र घ्यावं. नुसतं 'दोन वर्षं काम केलं' असं लिहिलेला कागद तिथं अपुरा पडू शकतो.

फोन होऊन गेल्यावर

मुलाखतीआधीच सगळीकडे रेफरन्सचे नंबर वाटू नयेत. सीव्हीवर नंबर छापले की ते कुठेही फिरतात आणि त्या व्यक्तींना नको ते फोन येतात. कंपनी मागेल तेव्हा वेगळा कागद द्यावा आणि तो दिला की त्यांना त्याच दिवशी मेसेज करावा: 'उद्या-परवा फोन येईल, नंबर कदाचित अनोळखी असेल.' अनोळखी नंबर न उचलण्याची आता बहुतेकांना सवय झाली आहे.

निकाल काहीही लागो, तो त्यांना कळवावा. नोकरी लागली तर फोन करून आभार मानावेत. नाही लागली तरी 'या वेळी जमलं नाही, पण तुम्ही वेळ दिलात' एवढं सांगावं. पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडेच जावं लागणार असतं. सणावाराला फॉरवर्ड पाठवण्यापेक्षा वर्षातून एकदा दोन ओळींत आपली खबर कळवली, तर चार वर्षांनी फोन आल्यावर "कोण म्हणालात?" असं विचारायची वेळ त्यांच्यावर येत नाही.